केळुसकर बोलले नाहीत

घाटकोपरच्या पाणीडेपोत मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी तिथे एक माणूस मेलेला होता. तो फाटकाजवळच्या बाकावर बसून चहा पीत होता.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा उपनगरांचा वार्ताहर होतो. टेकडीच्या बाजूला पाणी चढत नाही अशा तक्रारी आल्या होत्या, त्याबद्दल विचारायला गेलो होतो. ओव्हरसियर कुठे बसतात, असं मी बाकावरच्या माणसाला विचारलं. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा आतून आवाज आला.

“त्याला विचारू नका. तो सकाळी साडेसहाला वारला.”

आवाज वासुदेव केळुसकरांचा होता. बुटके, काळेसावळे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात दोन पेन्सिली. ते त्या डेपोचे ओव्हरसियर होते. बाकावरचा माणूस शांताराम घाडी, त्यांच्या हाताखालचा चावीवाला. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हमध्ये लांब लोखंडी चावी घालून जो पाणी सोडतो आणि बंद करतो, तो चावीवाला. घाडी तेव्हा अडतीस वर्षांचा होता, तीन मुलांचा बाप, आणि नऊ वर्षांपासून बदली कामगार. कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव दरवर्षी थोडं वर सरकत असे.

दर गुरुवारी सकाळी डेपोत चिठ्ठी निघत असे. ज्याचं नाव निघेल तो त्या दिवसापुरता मेला. त्याने बाकावर बसायचं, काहीही पाहायचं, पण संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. त्याचे व्हॉल्व्ह त्या दिवशी इतरांनी चालवायचे. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, तो किती आटे फिरवायचा, कुठल्या गल्लीत आधी पाणी सोडायचं, हे जर त्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी शोधायचं. संध्याकाळी मेलेला माणूस बोलू लागे आणि कोण कुठे चुकलं ते सांगत असे. ते वहीत लिहिलं जाई. चिठ्ठ्यांच्या डब्यात केळुसकरांचं नावही होतं.

मला हा प्रकार भयंकर वाटला. मी तसं म्हणालोही.

“भयंकर आहेच,” केळुसकर म्हणाले. “खरा मेला तर याहून भयंकर.”

हे त्यांना कुठून सुचलं, ते त्यांनी मला दोन वेळा सांगितलं, दोन्ही वेळा जवळजवळ त्याच शब्दांत. साठ सालानंतरची गोष्ट. केळुसकर स्वतः तेव्हा चावीवाले होते. त्यांना शिकवणारा म्हातारा चावीवाला एका सकाळी चावीवर हात ठेवूनच कोसळला. त्याच्या ताब्यातल्या व्हॉल्व्हांपैकी निम्मे डांबराखाली गेले होते आणि त्यांचा नकाशा कुठेही नव्हता. सगळं त्याच्या डोक्यात होतं. डोक्यात ठेवण्यातच त्याचा मान होता. चाळीत लग्न असो, गणपती असो, पहिलं बोलावणं चावीवाल्याला. दोन वाड्यांना कित्येक दिवस पाणी मिळालं नाही. रस्ता चार ठिकाणी खणला. तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला आणि केळुसकरांना त्या म्हाताऱ्याच्या घरी पाठवलं गेलं. भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या बायकोला त्यांनी विचारलं, “वहिनी, ते कधी व्हॉल्व्हबद्दल, आट्यांबद्दल काही बोलले होते का?”

ती म्हणाली, “ते माझ्याशी कशाबद्दलच बोलले नाहीत.”

“सुतकात बसलेल्या बाईला मी आटे विचारले,” केळुसकर मला म्हणाले. “असली पाळी पुन्हा कुणावर येऊ द्यायची नाही, एवढंच ठरवलं.”

ओव्हरसियर झाल्यावर त्यांनी डेपोची एक भिंत नकाशाने भरून टाकली. काही जुने व्हॉल्व्ह उलट्या आट्याचे होते. इतर व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हे उघडतात. अशा व्हॉल्व्हच्या झाकणावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका मारून घेतला. आणि ठिपका असो वा नसो, अनोळखी व्हॉल्व्हवर एक नियम होता. आधी फक्त दोन आटे फिरवायचे, मग चावीला कान लावायचा. पाइपातला आवाज वाढला की घटला हे कानाला कळतं. त्यानंतरच पुढचे आटे.

चावीवाल्यांना हे सगळं पचायला वेळ लागला. आपल्याकडचं ज्ञान काढून घेतात आणि मग आपल्यालाच काढतील, अशी भीती होती. केळुसकर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, “आणि तू नसलास तर?” कुणी फुशारकी मारली, कुणी रजा मागितली, कुणी नुसता नमस्कार केला, तरी प्रश्न हाच. घाडी त्यांची नक्कल करायचा. साहेबांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर नवऱ्यामुलाला विचारतील, आणि तू नसलास तर, असं तो म्हणायचा आणि डेपो हसायचा. केळुसकरही हसायचे.

एकदा घाडीची बायको सुलोचना डेपोत आली. मी तिथे होतो. ती फाटकातूनच बोलत आली.

“कोण तो साहेब? माझ्या नवऱ्याला महिन्यातनं दोनदा मारता तुम्ही? मी मंगळागौरी पुजल्या त्या काय यासाठी?”

“वहिनी, बसा,” केळुसकर म्हणाले.

“बसत नाही. चाळीतल्या बायका मला विचारतात, आज तुझा आहे की गेला?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“काय सांगणार? गेला असला की लवकर घरी येतो, एवढं बरं आहे!”

बोलता बोलता तिलाच हसू आलं. बाकावरून घाडी म्हणाला, “साहेब, आता हिला पण एक दिवस बसवा. कान किटले.” मेलेला माणूस बोलला म्हणून केळुसकरांनी त्याला पुढच्या गुरुवारी पुन्हा बसवलं. नियम म्हणजे नियम. मात्र घाडी हा त्यांचा आवडता माणूस होता. चिडले की केळुसकर मालवणीत जात, आणि सगळ्यात जास्त मालवणी घाडीच्याच वाट्याला येई. “रे शांताराम, तुका कितीदा सांगलंय, कान लाव! चावी काय केरसुणी आसा फिरवूक?”

घाडीला घाई फार. कान लावण्यात त्याला वेळ फुकट गेल्यासारखा वाटे.

केळुसकर मुलुंडला दोन खोल्यांत राहत. एकदा जेवायला बोलावलं होतं, तेव्हा त्यांच्या पत्नीने एक हकिगत सांगितली. एका रविवारी त्यांनी तिला मारलं. म्हणजे, तू आज नाहीस, आम्ही बघतो. भात करपला, मुलं शेजारी जेवली, दुपारी रेशनकार्ड शोधताना कपाट उलथंपालथं झालं.

“पुढच्या रविवारी मी यांना मारलं,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत घरात काहीसुद्धा अडलं नाही. तेव्हापासून घरातला खेळ बंद.”

केळुसकर खाली मान घालून जेवत होते. “अडलं नाही हेच चांगलं,” ते म्हणाले.

हे ते मनापासून म्हणत. अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घ्यायला ते गेले तेव्हा डेपोत कुणालाही कुठल्या इस्पितळात आहोत ते सांगितलं नव्हतं. परत आल्यावर पहिला प्रश्न, “काही अडलं?” सगळे म्हणाले, नाही. त्यांनी पेढे वाटले. आपल्यावाचून काही अडलं नाही म्हणून पेढे वाटणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी या चिठ्ठीच्या पद्धतीवर लेख लिहावा म्हणून सकाळीच डेपोत गेलो. डब्यातून केळुसकरांचं नाव निघालं. टाळ्या वाजल्या. ते बाकावर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले. डेपोची सूत्रं त्या दिवशी घाडीकडे होती.

सव्वासातच्या सुमारास फाटकाबाहेर उतारावरचा रस्ता खालून फुगला आणि फुटला. रस्त्याखालचा मोठा पाइप गेला होता. पाणी माणसाच्या डोक्याच्या वर उडालं आणि उताराने खाली, टेकडीच्या पायथ्याच्या झोपड्यांकडे धावलं. वस्तीच्या वरच्या अंगाला दगडी बांध होता, पाणी त्यावर जाऊन आदळू लागलं.

पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह फाटकापासून चाळीस पावलांवर होता. तो रोज फिरवायचा व्हॉल्व्ह नव्हता. वर्षानुवर्षं अर्धा उघडा ठेवलेला. त्याला शेवटचा हात केळुसकरांनीच, ते चावीवाले असताना लावला होता. रस्ता नवा झाला तेव्हा त्याचं झाकण बदललं होतं. नव्या झाकणावर ठिपका नव्हता. जुन्या झाकणावर होता की नाही, ते कुणाला आठवत नव्हतं आणि भिंतीवरच्या नकाशातही त्याच्यापुढे जागा कोरी होती.

घाडी चावी खांद्यावर टाकून धावला आणि बाकासमोर थांबला.

“साहेब, कुठल्या बाजूला बंद होतो?”

केळुसकर बोलले नाहीत.

“साहेब, आता खेळ नको! सरळ की उलटा?”

केळुसकर त्याच्याकडे पाहत होते. त्यांची उजवी मूठ मांडीवर एकदा एका बाजूला फिरली, एकदा दुसऱ्या बाजूला. तोंड मिटलेलं होतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणालो, “अहो, सांगा ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घाडीने शिवी दिली आणि तो गेला.

त्याने दोन आट्यांनंतर कान लावला नाही. सरळ उजवीकडे नऊ आटे फिरवले. व्हॉल्व्ह उलटा होता. जो अर्धा उघडा होता तो जवळजवळ पूर्ण उघडला आणि पाण्याचा झोत दुप्पट झाला. आवाज कसला वाढला ते कळायला त्याला वेळ लागला. मग तो गुडघ्यांवर बसला, चावीला कान लावला, आणि ओरडत उलट दिशेने फिरवू लागला. तोपर्यंत बांधाचा एक तुकडा खाली गेला होता. दोन झोपड्या त्याखाली आल्या. मोठी माणसं बाहेर नळावर होती. आत आठ वर्षांची एक मुलगी होती. ती वाचली. तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला आणि नीट बसला नाही.

हे सगळं होईपर्यंत केळुसकर बाकावर होते. घाडी भिजून परत आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

“तुम्ही बघत होता,” तो म्हणाला.

चौकशी डेपोतच झाली. वार्ताहरांना आत प्रवेश नव्हता, पण दार उघडं होतं आणि मी व्हरांड्यात होतो. वरून आलेल्या अधिकाऱ्याने आधी घाडीला विचारलं.

“दोन आटे फिरवून कान लावायचा, हा नियम तुम्हाला ठाऊक होता?”

“होता.”

“लावला?”

“नाही साहेब.”

“बदली आहात ना तुम्ही?” अधिकारी म्हणाला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. घाडीच्या नऊ वर्षांचं काय होणार ते व्हरांड्यातसुद्धा कळलं. मग केळुसकरांना बोलावलं.

“तो व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“घाडींनी विचारलं तेव्हा सांगता आलं असतं?”

“आलं असतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“गुरुवार होता,” केळुसकर म्हणाले.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मी पुष्कळ चौकश्या ऐकल्या आहेत, खोटं बोलणारी, रडणारी, दुसऱ्याकडे बोट दाखवणारी माणसं पाहिली आहेत. असं उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

‘गुरुवार होता’ हेच मी बातमीला मथळा म्हणून दिलं. बातमीत विशेषण एकही नव्हतं, त्याची गरज पडली नाही. मूठ फिरत होती तेही लिहिलं. दोन दिवसांत केळुसकरांचं नाव कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत माहीत झालं. वस्तीतल्या लोकांनी डेपोत शिरून बाक तोडला. मुलुंडला वाण्याने त्यांच्या बायकोला, तुमच्याकडे आज कोण मेलंय, असं विचारलं. ती सामान तिथेच ठेवून घरी आली. चिठ्ठीची पद्धत परिपत्रक काढून बंद करण्यात आली. केळुसकरांची ओव्हरसियरकी गेली, वेतनवाढ थांबली, आणि त्यांना कांदिवलीच्या भांडारात पाइप आणि जोड यांची राखण करायला पाठवलं. घाडीला फक्त ताकीद मिळाली. वरिष्ठाने माहिती दडवल्यामुळे कामगाराला दोष देता येत नाही, असं चौकशीच्या निकालात होतं. सहा महिन्यांनी तो कायम झाला.

पुढच्या वर्षी रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या तेव्हा घाटकोपर डेपोतले निम्मे चावीवाले कामावर पोचू शकले नाहीत. पोचले त्यांनी एकमेकांचे व्हॉल्व्ह चालवले आणि पाणी सगळीकडे वेळेवर आलं. ते छापून आलं नाही. पाणी वेळेवर आलं ही बातमी होत नाही.

दोनेक वर्षांनी भांडारातलं सामान गंजत पडल्याच्या बातमीसाठी मी कांदिवलीला गेलो. केळुसकर तिथे असतील हे ठाऊक होतं आणि ते भेटू नयेत असं वाटत होतं. ते पत्र्याच्या शेडमध्ये टेबलाशी बसले होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी स्टोव्हवर चहा टाकला.

“तुमची बातमी चांगली होती,” ते म्हणाले. “मी चारदा वाचली. एक चूक सोडली तर सगळं बरोबर.”

“कुठली चूक?”

“मला ठाऊक नव्हतं.”

मला कळलं नाही. त्यांनी चहा गाळला.

“व्हॉल्व्ह सरळ की उलटा, मला आठवलं नाही. शेवटचा हात लावला त्याला किती वर्षं झाली होती. मी हाताला विचारत होतो. तुम्ही मूठ लिहिलीत ना, ते बरोबर आहे. हात पण सांगेना.”

“मग चौकशीत होय का म्हणालात?”

“कुणालाच ठाऊक नव्हतं म्हटलं असतं तर दोष द्यायला कान न लावणारा शांताराम एकटा उरला असता. बदलीच होता. संध्याकाळपर्यंत घरी पाठवला असता त्याला. तीन पोरं आहेत.”

“पण त्याने विचारलं तेव्हा तरी, आठवत नाही, कान लाव, एवढं म्हणता आलं असतं.”

हे मी विचारायला नको होतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

“आलं असतं,” ते म्हणाले. “त्या वेळी मला बरं वाटलं. गुरुवार आहे, बोलायचं नाही, म्हणजे आठवत नाही हे कुणाला कळायचं नाही. एवढा वेळ बरं वाटलं.” त्यांनी अंगठा आणि बोट यांत चिमूटभर अंतर दाखवलं. “तेवढ्यात तो गेला. त्या पोरीचा पाय त्यात गेला. म्हणून शिक्षा झाली ती बरोबर झाली. फक्त शिक्षेचं कारण तेवढं चुकीचं लिहिलं गेलं.”

मी म्हणालो की हे छापलं पाहिजे. ते एकदम मालवणीत गेले.

“खुळो काय तू? चौकशी परत उघडतली. शांताराम नोकरीत आसा तवसर नाय.”

“त्याला तरी सांगितलंत?”

“त्याला कशाला? ओझं होईल.”

शांताराम घाडी आता निवृत्त झाला आहे, म्हणून हे लिहितो आहे. केळुसकर त्याआधीच गेले. त्यांच्या जाण्याची बातमी मला उशिरा कळली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, त्या शेडमध्ये.

आम्ही चहा पीत असतानाच घाटकोपर डेपोचा टेम्पो आत आला. पाइपांचे लोखंडी जोड न्यायला घाडी आला होता. अंगावर कायम कामगाराचा नवा खाकी गणवेश होता. मला पाहून तो ओळखीचं हसला. केळुसकरांना पाहून हसू गेलं. त्याने मागणीचा कागद टेबलावर टाकला.

“आठ जोड. जरा हलवा हात,” तो म्हणाला. “बसून बघत राहायची सवय तुम्हाला आहे, मला नाही.”

टेम्पोचा ड्रायव्हर दुसरीकडे पाहू लागला. मी उठलो. मी काय बोलणार होतो ते मला ठाऊक होतं, आणि केळुसकरांनाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. मी पुन्हा बसलो.

त्यांनी एकेक जोड ढिगातून काढला, हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि घाडीच्या पुढ्यात ठेवला. सहाव्याचा आवाज बद्द आला. तो त्यांनी बाजूला सारला.

“हा नको नेऊस. याला आतून चीर आहे. दुसरा देतो.”

घाडीने दुसरा घेतला, आठ जोड टेम्पोत चढवले आणि कागदावर सही केली. केळुसकरांनी सही पाहिली. त्याखाली त्याचा नवा, कायम कामगाराचा नंबर होता. तो त्यांनी रजिस्टरात सावकाश, एकेक आकडा तपासत उतरवून घेतला.

“झालं?” घाडीने विचारलं.

“झालं,” केळुसकर म्हणाले. “जा तू.”